आक्काचा अंगठा

मंडळी, तुम्ही आता सही करता. साक्षरतेच्या वर्गात पहिल्या महिन्यात सगळ्यांची एकच घाई असते. "गुरुजी, बाराखडी राहू द्या. आधी नाव लिहायला शिकवा." आम्ही तसेच करतो. नाव लिहिता आले की माणसाचा चेहरा उजळतो. तो आनंद आम्ही पुष्कळ वेळा पाहिला आहे.

पण नाव लिहिता येणे ही एक गोष्ट, आणि ज्या कागदाखाली नाव लिहायचे तो कागद वाचता येणे ही दुसरी. या दोहोंत मोठे अंतर आहे. आम्ही जुनी अकरावी पास झालो, पुढे शिक्षक झालो, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तरी हे अंतर आम्हाला आमच्या थोरल्या बहिणीने शिकवले. ती हकीगत सांगायला जड जाते. म्हणून ती शेवटी सांगू. आधी म्हसवडची गोष्ट ऐका.

सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. पाऊस कमी, माळ फार. त्या तालुक्यात म्हसवड गाव. सिद्धनाथाचे देऊळ तिथलेच. या गावी चेतना गाला सिन्हा या बाई राहतात. त्या मूळच्या मुंबईच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. एके दिवशी त्यांच्याकडे लोहारकाम करणारी एक बाई आली. ती रस्त्याकडेला पाल टाकून राहत होती. पावसाळ्यात डोक्यावर ताडपत्री हवी, म्हणून तिला रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते. ती बँकेत गेली. बँकेने खाते काढले नाही. एवढ्या थोड्या पैशांचे खाते कोण काढणार?

बाई कर्ज मागत नव्हती. स्वतःचेच पैसे ठेवायला जागा मागत होती. तेवढीही मिळाली नाही.

तेव्हा चेतनाताईंनी ठरवले, आपण बायांचीच बँक काढू. बायांची सभा झाली, भागभांडवल जमले, रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. अर्जाखाली बायांचे अंगठे होते. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला. ज्या संस्थेच्या सभासदांना लिहिता वाचता येत नाही, त्यांना बँकेचा परवाना कसा द्यायचा, असे कारण होते.

आता विचार करा, तुम्ही आम्ही काय केले असते? नशिबाला बोल लावून घरी बसलो असतो. म्हसवडच्या बाया बसल्या नाहीत. आपण शिकू, असे त्याच म्हणाल्या. दिवसभर रानात काम आणि रात्री पाटी, असे पाच-सहा महिने चालले. मग त्या पुन्हा मुंबईला गेल्या. तिथे त्यांनी साहेबांपुढे उलटा सवाल टाकला. आम्हाला कोणतीही रक्कम सांगा, व्याजाचा दर सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो. तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय काढावे. पाहू कोण आधी सांगते!

1997 साली परवाना मिळाला. माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ती आजही चालू आहे.

यातले व्याजाचे कोडे तुम्हीही सोडवू शकता. बचत गटात आपण म्हणतो, शेकडा दोन. म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला दोन रुपये. पाच हजार घेतले तर महिन्याला शंभर. तीन महिन्यांनी तीनशे. वर्षभर तसेच ठेवले तर बाराशे, म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस झाले. "दोन टक्के तर आहे" असे कोणी म्हणाले, तर आधी विचारा, महिन्याला का वर्षाला? हल्ली गावोगाव पतपुरवठा करणाऱ्या कंपन्यांची माणसे फटफटीवरून येतात, पाच बायांना एकत्र बसवतात, तासाभरात पैसे देतात. हप्ता आठवड्याचा असतो. आठवड्याच्या हप्त्यात व्याज कुठे लपले ते चटकन दिसत नाही. एकूण किती घेतले आणि एकूण किती फेडायचे, एवढे दोनच आकडे पाटीवर लिहा. वजाबाकी करा. लपलेले बाहेर येते.

म्हसवडच्या बँकेची आणखी एक गंमत आहे. बँक निघाली, पण बाया बँकेत येईनात. का? बँकेत यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. मग बँकच बायांच्या दारी आणि बाजारात जाऊ लागली. पुढे कार्ड देण्याची वेळ आली. कार्डाला चार आकडी गुप्त क्रमांक असतो. बाया म्हणाल्या, हा क्रमांक घरातले कोणीही आमच्याकडून काढून घेईल आणि पैसे उचलील. त्यापेक्षा आमचा अंगठाच घ्या, तो कोणाला नेता येत नाही. पाहिलेत? ज्या अंगठ्यापायी परवाना नाकारला गेला, तोच अंगठा बायांनी कुलूप म्हणून मागून घेतला. तेव्हा अंगठ्याची लाज बाळगू नका. अंगठा वाईट नाही. न वाचलेल्या कागदावरचा अंगठा वाईट. तशी सहीही वाईटच.

आपला सातारा जिल्हा तसा शिक्षणात मागे नव्हता. सावित्रीबाई फुले आपल्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यात नायगावी 1831 साली जन्मल्या. प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीमही 1959 साली साताऱ्यातूनच सुरू झाली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. ढोललेझीम, मिरवणूक, शपथ. आमच्या लहानपणी थोरली माणसे त्या आठवणी काढीत. पण आम्ही शिक्षक झालो तेव्हा त्यातलीच काही माणसे आमच्यापुढे पगारपत्रकावर अंगठा उठवीत. "गुरुजी, येत होतं, आता इसरलो." अक्षर हे विळ्यासारखे आहे. वापरले नाही तर गंज चढतो.

मग अक्षर वापरायचे कुठे? पोथी वाचा, वर्तमानपत्र वाचा, एसटीची पाटी वाचा. सगळे चांगले. पण आमच्या मते सगळ्यात जास्त अर्जात वापरा. अर्ज लिहिणारा माणूस अक्षर विसरत नाही.

आता सांगलीकडे वळू. कृष्णाकाठी वाळवे तालुक्यात कासेगाव आहे. इंदुताई पाटणकर तिथल्या. 1942 च्या धामधुमीत, प्रतिसरकारच्या काळात त्यांनी काम केले होते. गेल ऑम्वेट या अमेरिकेतून आलेल्या विदुषी लग्नानंतर त्याच घरी राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. 1980 नंतरच्या वर्षांत या दोघींनी व त्यांच्या सोबतिणींनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून नवऱ्याने टाकलेल्या बायांचा प्रश्न हाती घेतला. अशा बाईला गावात काय काय म्हणतात ते आम्ही इथे लिहीत नाही. चळवळीने तिला परित्यक्ता म्हटले.

या बायांची मागणी काय होती? पोटगी होतीच. घराला जागा हवी होती. आणि एक मागणी अशी होती की शहरातल्या माणसाला तिचे महत्त्व कळायचे नाही. आमच्या नावाचे रेशनकार्ड द्या.

नीट पहा. नवऱ्याने टाकले, बाई माहेरी आली. नवऱ्याच्या कार्डावर तिचे नाव असले, तर तो तिच्या नावाचे धान्य उचलतो. नसले तर प्रश्नच मिटला. माहेरी भावाच्या कार्डावर नाव घालायचे, तर भावजय म्हणते, ही आता कायमची बसली. सरकारदरबारी विचारले, तर कुटुंबप्रमुख पुरुष लागतो. म्हणजे जिवंत बाई, दोन लेकरे, आणि कोणत्याही कागदावर ती नाही. भूक मात्र आहे. सांगली जिल्ह्यात खानापूर, वाळवा अशा तालुक्यांत बायांनी मोर्चे काढले, परिषदा भरवल्या, कचेरीच्या दारात बसल्या, ते या एका पुस्तिकेसाठी.

आज ती अडचण कायद्याने पुष्कळ दूर झाली आहे. 2013 साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख धरावी, असे त्यात लिहिले आहे. तुमच्या कार्डावर पहिले नाव कोणाचे आहे ते आज घरी जाऊन वाचा. वाचायला तेवढाच सराव.

त्याच सांगलीत देहविक्रय करणाऱ्या बायांनी 1996 साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद नावाची आपली संघटना उभी केली. हे वाक्य लिहिताना आमचा हात क्षणभर थांबला, हे कबूल करतो. आमच्या पिढीला हा शब्द पुस्तकात लिहिण्याची सवय नाही. पण दवाखान्यात माणसासारखे वागवा, पोलिसांनी मारू नये, मुलांना शाळेत घ्या, हे मागणाऱ्यांना आम्ही कोण लाजणार?

नावाचीच आणखी एक गोष्ट. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून आपल्याकडे काही पोरींचे नाव नकुसा ठेवीत. नको असलेली. शाळेच्या पटावर आम्ही स्वतः हे नाव घालून हजेरी घेतली आहे. पोरगी "हजर" म्हणे. आम्ही पुढचे नाव घेत असू. ते बदलून द्यावे असे आमच्या मनात आले नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा 285 मुलींना नवी नावे दिली गेली. शिक्षकाने जे पहिल्या दिवशी करायला हवे होते, ते जिल्ह्याला समारंभ करून करावे लागले.

असो. आता तुमच्या उपयोगाचे सांगतो.

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी एक बचत गट आहे. अकरा बाया. दर सोमवारी देवळाच्या ओवरीत बसतात, पैसे गोळा करतात, वहीत मांडतात, उठतात. पुष्कळ गटांचे एवढ्यावरच थांबते. एका सोमवारी एक बाई रडत आली. तिचा नवरा पितो. त्याने घर विकायला काढले होते. इसार घेतल्याची बोलवा होती. घर कोणाच्या नावावर? नवऱ्याच्या एकट्याच्या. विटा वाहिल्या दोघांनी, नाव लागले एकाचे.

ग्रामपंचायतीत घरांची एक नोंदवही असते. तिला नमुना 8 म्हणतात. घर कोणाचे, किती मोठे, घरपट्टी किती, हे तिच्यात असते. (तलाठ्याकडे शेतीचा आठ-अ उतारा मिळतो, तो वेगळा. दोहोंची गफलत करू नका. तलाठ्याच्या पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी असे लिहितात. तोंडी मात्र तलाठीच चालू आहे.) 2003 साली शासनाने ग्रामपंचायतींना कळवले की घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावावे. नमुना 8 ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे खरे. पण गावात घर विकायचे, गहाण ठेवायचे, घरकुल मिळवायचे, तर सगळ्यात आधी हाच उतारा मागतात. त्यावर बाईचे नाव असले, तर घेणारा दोनदा विचार करतो.

अकराही जणी पंचायतीत गेल्या. तिथल्या माणसाने विचारले, "काय काम?" यांनी सांगितले. तो म्हणाला, "बरं, बघू. मालकांना पाठवा." बाया परत आल्या. पंधरा दिवस गेले. काही झाले नाही. होणार कसे? तोंडी मागणे हे पाण्यावरच्या रेघेसारखे. मागणारी म्हणते मी मागितले, ऐकणारा म्हणतो कोणी आलेच नाही.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज केला. म्हणजे मजकूर बायांनी सांगितला, आम्ही फळ्यावर लिहिला आणि प्रत्येकीने आपल्या हाताने उतरवला. तो असा होता.

"प्रति, सरपंच व ग्रामसेवक, ग्रामपंचायत (गावाचे नाव).
विषय : घराच्या नोंदीत पत्नीचे नाव लावणेबाबत.
मी (स्वतःचे पूर्ण नाव), राहणार वरील गाव. आमचे घर क्रमांक (इतका) नमुना 8 मध्ये माझे पती यांच्या एकट्याच्या नावे आहे. घराच्या नोंदीत पत्नीचेही नाव लावावे असे शासनाचे आदेश आहेत. तरी माझे नाव सहमालक म्हणून लावावे आणि तसा उतारा मला द्यावा, ही विनंती.
सोबत : घरपट्टीची पावती, आधारकार्डाची नक्कल, पतीचे संमतिपत्र.
तारीख. सही."

अर्ज लहान आहे. असाच असावा. आपले दुःख, नवऱ्याचे पिणे, सासूचा छळ, हे इथे लिहायचे नाही. कोण, काय, कशाच्या आधारे, सोबत काय, एवढेच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची. दुसरीवर "मिळाला" असा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. हिला पोच म्हणतात. कचेरीतला माणूस म्हणेल, "आहे की विश्वास, पोच कशाला?" म्हणू द्या. आपण हसून म्हणायचे, "साहेब, आम्ही नव्या शिकलेल्या बाया. गुरुजींना दाखवायची आहे." आमच्या बायांनी असेच सांगितले. आमचे नाव वाईट झाले, पोच मिळाली.

पोच हातात असली की पुढची वाट दिसते. महिन्याने उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. हा कायदा 2005 चा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही माफ. माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, एवढे विचारायचे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पोच नसेल, तर विचारणार कशाच्या जोरावर?

दुसरी वाट ग्रामसभेची. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यायची, असे आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. तिला महिला ग्रामसभा म्हणतात. पुष्कळ गावी ही सभा कागदावरच होते. शिपाई घरोघरी वही फिरवतो आणि बाया चुलीपुढून सही देतात. सही देता येऊ लागली तशी ही सोय वाढली! पुढच्या वेळी वही आली, की वरचा मजकूर वाचल्याशिवाय सही देऊ नका. आमच्या गावच्या बायांनी तसे केले आणि त्या साली सभा खरोखर भरली. मोठ्या ग्रामसभेला गणपूर्ती लागते. मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100, यात जो आकडा कमी असेल तितकी माणसे हजर हवीत. बाया गेल्या की गणपूर्ती होते, हे पुढाऱ्यांनाही ठाऊक आहे. 2011 पासून पंचायतीत अर्ध्या जागा बायांच्या आहेत. पण सरपंचबाई खुर्चीत आणि तिचा मालक शेजारी उत्तरे देतो, असेही पाहायला मिळते. सभेतल्या एका म्हातारीने अशा मालकाला सरळ विचारले, "तुमास्नी निवडून दिलंय का वयनीस्नी?" तो उठून मागे जाऊन बसला.

त्या सभेत अकरा अर्जांचा विषय निघाला. एक जण म्हणाला, "नाव लावलं म्हंजे बायका घरं इकून माहेराला जातील." आम्ही समजावले, दोघांचे नाव असले म्हणजे एकट्याला विकता येत नाही, मग ती बाई असो की बाप्या. ठराव झाला. दोन महिन्यांत अकरापैकी नऊ जणींची नावे लागली. दोघींच्या नवऱ्यांनी संमती दिली नाही. त्यांतली एक तीच, जी रडत आली होती.

तिचे घर वाचले का? घेणाऱ्याने गावचा रंग पाहून इसार परत मागितला, म्हणून तूर्त वाचले. नाव लागलेले नाही. तिला आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठवले आहे. 1987 च्या कायद्याने बाईमाणसाला वकील फुकट मिळतो. तिचे उत्पन्न किती हे पाहत नाहीत. हे फार थोड्यांना माहीत आहे. तुमच्या गटात सांगा.

आता आमच्या घरची गोष्ट.

आम्ही तीन भावंडे. आक्का थोरली. मग आम्ही, मग धाकटा. आई मजुरीला जाई, म्हणून आक्काने शाळा पाहिली नाही. आम्हाला कडेवर घेऊन ती शाळेच्या दारापर्यंत येई आणि परत जाई. आम्ही मॅट्रिक झालो ते तिच्या कडेवरून.

वडिलांनी स्वकष्टाने साडेतीन एकर जमीन घेतली होती. 1997 साली ते गेले. वारस चौघे, आई, आम्ही दोघे भाऊ आणि आक्का. 1956 च्या कायद्याने मुलीलाही मुलाइतकाच वाटा. हे आम्हाला माहीत होते. साडेतीन एकर म्हणजे 140 गुंठे. चौघांत प्रत्येकी 35. तरीही गावची रीत म्हणून आम्ही आईचे आणि आक्काचे हक्कसोडपत्र केले. तालुक्याच्या कचेरीत आक्काने विचारले, "बापू, ह्ये कशाचं हाय?" आम्ही म्हणालो, "बाबांच्या जमिनीचा कागद. तुला पुन्हा हेलपाटे नकोत म्हणून." हे खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. शाई लागली, अंगठा उठला. बाहेर येऊन आम्ही तिला लुगडे घेतले. आपण भाऊपण निभावले, असे आम्हाला तेव्हा वाटले.

पुढे तिचा मालक वारला. मुलगा मुंबईला, त्याचेच त्याला पुरेना. आक्का आमच्याकडे परत आली. दोन वर्षांमागे आमचा वर्ग सुरू झाला तेव्हा सत्तरी उलटलेली आक्का पहिल्या रांगेत येऊन बसली. तिला अक्षर लवकर आले. मग एके संध्याकाळी ती म्हणाली, "बापू, तो कागुद काढ. मला वाचायचाय."

आम्ही काढून दिला. दिव्याखाली बसून एकेका शब्दाखाली बोट ठेवीत तिने तो वाचला. अर्धा तास लागला. आम्ही समोर बसून होतो. एका जागी तिचे बोट थांबले. "राजीखुशीनं म्हंजे काय रं?" आम्ही अर्थ सांगितला. ती पुढे गेली. पुन्हा थांबली. "मोबदला न घेता." थोडा वेळ गेला. म्हणाली, "लुगडं घेतलंवतंस की. ते न्हाई लिवलं ह्यात."

रागाने नव्हे. जणू पाठातली चूक दाखवावी तशी. आम्ही शाळेत असताना हजारो चुका दाखवल्या. आमची कोणी अशी दाखवली नव्हती.

नोंदलेले हक्कसोडपत्र मनात आले म्हणून फिरवता येत नाही. तसे करायला मोठा खटाटोप असतो. म्हणून आम्ही बहिणींना बजावतो. वडील गेल्यावर वारसनोंदीचा फेरफार होतो, त्याची नोटीस येते. काही गैर वाटले तर पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यायची. हक्कसोड कोणी मागितले, तर कागद आधी घरी आणून वाचायचा. गटात वाचून घ्यायचा. द्यायचे असेल तर जरूर द्या, पण काय देतो ते वाचून द्या. आणि नाही म्हणायचे असेल, तर नाही म्हणा. भाऊ चार दिवस बोलणार नाही. आम्हीही बोललो नसतो.

आम्ही धाकट्याला विचारले. त्याने नकार दिला. मग आम्ही आमच्या वाट्यातले 20 गुंठे आक्काच्या नावे बक्षीसपत्राने करायचे ठरवले. तिचे 35 होते, हे आम्ही विसरलेलो नाही. मसुदा तयार झाला. आक्का म्हणाली, आधी मी वाचणार. वाचला. सगळा पटला. फक्त वरचा पहिला शब्द तिला पटेना.

"बक्षीसपत्र व्हय? माझंच मला बक्षीस?"

आम्ही म्हणालो, "आक्का, कायद्यात त्या कागदाला तेच नाव आहे." ती म्हणाली, "कायद्यात आसंल."

कचेरीत नोंदणीच्या वेळी कारकुनाने तिच्याकडे पाहून शाईची डबी पुढे सरकवली. आक्काने ती बाजूला केली आणि पेन मागितले. तिची सही सावकाश होते. नावातला जोडाक्षराचा भाग ती दोनदा मनात म्हणते, मग लिहिते. मागे रांग होती. कोणीतरी म्हणाले, "आजी, आवरा." ती आवरली नाही. सही पुरी झाल्यावर तिने यंत्रावर अंगठाही दिला. तो हल्ली सगळ्यांचाच घेतात.